उलटी बटणं

"दीड तास," धनाजी म्हणाला. "दीड तासात जुनं लिनक्स काढून नवं चढवलं. एकदा बी अडकलो न्हाय."

मागच्या बाकावर अंजलीनं दातओठ खाल्ले. दीड तास! वरकुट्याला ह्याच्या घरी ती सकाळी नऊला गेली होती आणि पाचच्या एसटीनं परतली होती. मधेच लाईट गेली, सगळं पहिल्यापासून करावं लागलं. तेवढ्या वेळात धनाजी जेवला, झोपला, उठून परत जेवला. हिला चहा दिला तो बाजूला काढून ठेवलेल्या कपात. वर कप हिनंच विसळून पालथा घालायचा.

कॉम्प्युटरचा क्लास बारामतीच्या स्टँडमागं, अजित सरांचा. अंजली तिथं शिकवायला. कॉम्प्युटर चालवणाऱ्या नव्या लिनक्सची सीडी एका मासिकाबरोबर आली आणि सरांनी ती हातात देऊन तिला क्लासच्या पोरांच्या घरोघर पिटाळलं. चार घरं झाली, वर क्लासमधली मशीन. आज रविवारी त्या घरच्या चौघा पोरांना अनुभव सांगायला बोलावलेलं. खरं कारण वेगळंच होतं. निमगाव केतकीच्या भाजीपाला संघाला कॉम्प्युटर सांभाळायला माणूस पाहिजे होता. संघाचे कुंडलिक तात्या तो निवडायला पुढच्या खुर्चीत बसले होते.

"तुझंच नाव सांगतो," सर तिला महिनाभर म्हणत होते. सकाळी तात्या आले तेव्हा सर एवढंच म्हणाले, "ही अंजली. पोरींना टायपिंग शिकवती." आणि तिला मागं बसवलं.

मग सोमेश्वरनगरचा सुदाम उठला. त्याचा स्क्रीन पहिल्यांदा काळा पडला म्हणे, पण तो घाबरला नाही. अंजलीला हसू आलं आणि त्याहून जास्त संताप. हाच सुदाम एसटीडीच्या बूथवरनं क्लासला फोन करून रडकुंडीला आला होता. "ताई, मशीन मेली! बाबा मला हाकलत्याल!" तवा ताई होती. आज 'मी केलं, मी केलं.'

"आन एक नवीन सोय हाय ह्यात," सुदाम म्हणाला. "माऊसची बटणं उलटी केल्यात. डाव्याच्या जागी उजवं दाबायचं."

"माझ्याकडं बी तसंच!" धनाजी म्हणाला. "फॉरेनला आता अशीच पद्धत हाय."

बाकीच्या दोघांनीही माना हलवल्या. अजित सर म्हणाले, "हाताला आराम पडतो त्यानं."

 ती बटणं अंजलीनंच फिरवलेली. काम करताना फिरवली आणि निघायच्या घाईत परत सरळ करायची राहिली. चारी घरी. इथल्या मशीनवरसुद्धा. आता हे उघडं पडलं तर नोकरी बोंबलली.

तात्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "माझा पुतण्या पुण्याला शिकतो. त्यानं बी हीच सीडी घातलीया. गेल्या महिन्यात मी बसलो हुतो त्याच्या मशीनवर. तितं बटणं सरळच हायत की."

चौघं एकमेकांकडं बघायला लागले. सरांचा आराम कुठल्या कुठं गेला.

मग धनाजीनं मागं बोट केलं. "ही आली हुती एकदा, बघत बसायला. हिनंच कायतरी बोटं घातली असत्याल."

"मला बी तसंच वाटतंय," सुदाम म्हणाला.

अंजली उठली. काम ह्यांचं आणि खोट तेवढी हिची!  भांडण पेटायला नको म्हणून सरांनी घाईनं पेढ्यांचा बॉक्स उघडला. "सोडा तो विषय. घ्या, तोंड गोड करा. अंजे, तू बी घे आन बस खाली."

तिनं रागारागात हात पुढं केला.

सर वस्सकन ओरडले, "डाव्या हातानं पेढा घेतीस? घरी शिकवलं न्हाय का तुला कुणी?"

"माझा कामाचा हात हाच हाय!" अंजलीचा आवाज बाहेर रस्त्यावर गेला. "शाळेत ह्याच्यावर पट्ट्या खाल्ल्या, तरी हाच हाय. ह्याच हातानं ह्या चौघांच्या मशीनी केल्या, सर, आन तुमची बी. बटणं ह्याच हातासाठी फिरवली. सरळ करायची ऱ्हायली, ती चूक माझी. बाकीचं कुणी केलं, ते त्यांच्या तोंडानं सांगू द्या!"



तात्यांनी टेबलावरच्या मशीनकडं हात केला. "धनाजीराव, बटणं सरळ करून दावा बरं."

धनाजी बसला. त्यानं एक चौकट उघडली, बंद केली. दुसरी उघडली. कानशिलावरनं घाम ओघळला. त्यानं सुदामकडं बघितलं. सुदाम खिडकीबाहेर बघत होता.

"सर, तुमी?" तात्यांनी विचारलं.

अजित सर पेढ्यांचा बॉक्स घेऊन तसेच उभे राहिले.

तात्या उठले. बॉक्समधला एक पेढा उचलला, मागच्या बाकापर्यंत चालत गेले आणि अंजलीच्या डाव्या तळहातावर ठेवला.

"उद्या संघात ये, पोरी," ते म्हणाले. "तितली बटणं बी फिरीव. आन परत सरळ करू नगंस."