सोमवार तेवढा खरा

"आज बुधवार हाय," कुसुमबाई म्हणाल्या, आणि समोर आलेलं डब्याचं झाकण त्यांनी दोन बोटांनी परत सरकवलं.

झाकणात अर्धी भाकरी होती, वर मेथीची भाजी. गंगाखेडच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या दुखण्यावर बोलायची ती लहानशी खोली. जेवणाची वेळ टळत आली तरी कुसुमबाई 'हां' आणि 'न्हाई'च्या पुढं जाईनात, म्हणून समुपदेशक धम्मशीलाताईंनी आपला डबाच टेबलावर उघडला होता. "या मावशी, दोन घास खात बोलू."

"बुधवार पांडुरंगाचा," शेजारी बसलेल्या सुनेनं, शिवकन्येनं सांगितलं. आवाजात कौतुक होतं. "आत्यांचे लय उपास असतात, मॅडम. सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार लक्ष्मीचा. मामंजी गेले, आमी त्यांना राणीसावरगावहून इकडं घेऊन आलो, तेव्हापासून तर एक वार सोडला न्हाई. म्हणून तर अशा वाळायल्यात. मी ताकदीचं औषध मागितलं, तर डॉक्टरांनी इकडं पाठवलं."

धम्मशीलाताईंनी झाकणाकडं पाहिलं.

"असू द्या, मावशी," त्या म्हणाल्या. झाकण त्यांनी आपल्याकडं ओढून घेतलं. "उपासच असंल. मला सवय हाय."

त्या हसल्या, पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. कुसुमबाईंची नजर टेबलावरच्या बुद्धाच्या छोट्या मूर्तीवर गेली, तिथून त्या ओढून घेतलेल्या झाकणावर आली. ही काय समजून बसली, बाई!

"तसलं काई मनात आणू नका," त्या घाईनं म्हणाल्या. "तुमच्या डब्याला न्हाई म्हणले न्हाई मी."

"न्हाई आणत, मावशी."

पण झाकण काही परत पुढं आलं नाही. कुसुमबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. गप्प राहावं तर एवढ्या मायेनं बोलणारी ही बाई तो घास अपमानाबरोबर गिळणार. खरं सांगावं तर शेजारी सून बसलेली.

"सोमवार तेवढा खरा हाय," शेवटी त्या खाली बघत म्हणाल्या. "लग्नाच्या आधीपासून धरते. बाकीचे सगळे वार खोटे."

शिवकन्या वळून बघायला लागली. "खोटे? मग मी भगर करून झाकून ठेवून जाते ती?"

"शेजारच्या शेळीला घालते. लय माया लागली तिला माझी."

धम्मशीलाताईंना हसू आवरलं नाही. शिवकन्येला मात्र हसावं की रडावं कळेना. "पण का, आत्या? देवाच्या नावानं?"

"तुमी सगळे सकाळीच जाता. ताट झाकून ठेवता, काई कमी करत न्हाईत. पण एकटीच्या तोंडात घास नुसता फिरतो गं. खाली उतरत न्हाई. तिकडं ह्यांनी वरून अर्धी भाकरी टाकल्याबिगर जेवणच उरकलं न्हाई कधी. मी नको म्हणायचं, त्यांनी टाकायची." त्या थांबल्या. "न जेवावं तर तुमाला घोर. देवाचं नाव सांगितलं की कुणी आग्रह करत न्हाई."

बाहेर कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं.

"मावशी," धम्मशीलाताई हळू म्हणाल्या, "हे वेड न्हाई, आणि तुमचं पापही न्हाई. माणूस गेलं, गाव सुटलं. एवढ्या बदलानंतर मन लवकर रुळत न्हाई, मग असं अंगावर निघतं. याच्यातून माणसं बरी होतात. दर आठवड्याला या, आपण बोलू. औषध लागलं तर डॉक्टर बघतील. पण एक पथ्य आजपासून पाळायचं. एकटीनं जेवायचं न्हाई."

त्यांनी झाकण पुन्हा पुढं सरकवलं.

कुसुमबाईंनी दोन्ही कानांना हात लावला. "पांडुरंगा, सांभाळून घे रे," म्हणत घास मोडला. किती तरी वेळ चावला. उतरला. मग दुसरा मोडला.

झाकण रिकामं झालं तशी धम्मशीलाताईंनी डब्यातली उरलेली अर्धी भाकरी उचलली. कुसुमबाईंचा तळहात आपसूक झाकणावर आला. "बस, बस. नको आता."

धम्मशीलाताई थांबल्या.

शिवकन्या सासूच्या हाताकडं बघत होती. तळहात झाकणावर होता, पण दाबलेला नव्हता. तिनं तो मनगटाला धरून हळूच उचलला आणि आपल्या मांडीवर ठेवून घेतला.

"वाढा, मॅडम," ती म्हणाली.