आखूड दस्ता

"दस्त्यामागचा पत्रा काढून बघा ना," कोरिन म्हणाली. "बाकीचं राहू दे."

"घाई करू नकोस, पोरी. कॉफी घे. तुझ्या या एकबारी रायफलीएवढीच जुनी आहे." म्हाताऱ्या हाल्वरनं किटली उचलून कपात ओतली आणि पुन्हा तिच्या नेहमीच्या लाकडी ठोकळ्यावर ठेवली. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं लहानपणी मोडून वाकडीच जुळली होती.

नळी.

"चार इंच कापलीय. काम जुनं."

चाप.

"कानशीनं घासून हलका केलाय. हेही जुनंच."

कोरिनची आई बिलिंग्जच्या इस्पितळात शेवटच्या घटका मोजत होती. तिला एकच ऐकायचं होतं: तिच्या बापाला चुकून फाशी दिली. ही रायफल त्याच्या गोठ्यात, गवताखाली सापडली होती. गोळी लागून मेला तो हाल्वरचा बाप. हेच बंदूकदुरुस्तीचं दुकान चालवायचा.

"आजोबा साडेसहा फूट उंच होते," कोरिन म्हणाली. "आणि हा दस्ता बघा, पोराच्या मापाचा! त्यांना हिनं नेमच धरता आला नसता. कोर्टात कुणी खांद्याला लावूनसुद्धा पाहिली नाही."

"माझ्या आईला दाखवली होती," हाल्वर म्हणाला. "ती म्हणाली, कधी पाहिली नाही."

"तुमचे वडील फार तापट होते म्हणतात."

"कारागीर चांगले होते."

दस्ता.

त्यानं स्क्रू काढले, पत्रा उचलला. आतलं लाकूड स्वतःकडे वळवून बराच वेळ पाहिलं.

"आखूड केलाय खरा. पोरासाठी असंच करतात. कापलेला तुकडा जपून ठेवतात, पोर वाढलं की परत चिकटवतात."

"मग?"

"पण काप नंतरचा आहे. खटल्यानंतर लिलावात गेली ना ही? ज्यानं घेतली त्यानं केलं असणार."

"नक्की?"

"मेला तो माझा बाप होता, पोरी. मी कशाला खोटं बोलू?"

कोरिननं भिंतीवरच्या फोनकडे पाहिलं. उचलला नाही. कॉफी तशीच ठेवून ती उठली.

"तुमच्याकडेच राहू दे ही. मला घरात नको."

तिची गाडी वळणाआड गेल्यावर हाल्वरनं दाराला कडी घातली. किटली जमिनीवर ठेवली. तिच्याखालचा ठोकळा बाहीनं पुसला आणि दस्त्याच्या टोकाला लावला.

अक्रोडाच्या लाकडाची रेषेला रेष जुळली.