त्याच्या मनानं

खण्ण! श्वास रोखून बसलेले सगळे दचकले. पहिल्या वाढदिवशी बाळ जे उचलेल त्यावरून ते पुढे कोण होणार हे ठरतं म्हणतात, म्हणून समोर पुस्तक, अंगठी आणि आजोबांचा वकिलीचा काळा कोट मांडला होता. बाळाने मात्र माझ्या शेजारचा पुऱ्यांचा झारा ओढून आपटला.

"हे धरायचं नाही हं," सासूबाई म्हणाल्या. "पुन्हा बसव. त्याच्या मनानं उचलू दे."

पुन्हा झाराच. मग झारा माझ्या हातात आला, बाकीचं उचललं गेलं आणि बाळाला थेट कोटावरच बसवलं. त्याने निवांत शू केली.

"ताबा घेतला!" आजोबांनी टाळी वाजवली. "बघा, स्वतः निवडलं पोरानं!"

मी पुऱ्या तळायला वळले, तर माझ्या झाऱ्याकडे बघत थोरलीने विचारलं, "आई, तू लहानपणी काय उचललं होतंस गं?"