उत्तर न आल्यास

साप्ताहिकात आरोग्याचं सदर लिहिणाऱ्या म्हाताऱ्याने एका वाचक बाईंच्या पत्राला उत्तर दिलंच नव्हतं. "त्या मुळीच्या अर्काने साखर उतरते असं तुम्ही लिहिलंत. मग इन्सुलिन सोडू ना? उत्तर आलं नाही, तर होकार धरते." त्याने चारदा लिहिलं, चारदा फाडलं. आपण कुठले डॉक्टर, म्हणून गप्प बसला.

आज त्या बाईंच्या मुलाचं पत्र आलं. "आई गेली. इन्सुलिन घे म्हटलं की म्हणायची, 'एवढा वाचणारा माणूस! चुकत असतं तर दोन ओळी खरडल्या असत्याच की.'"

माफीचे तीन कागद फाडून त्याने चौथा पाकिटात घातला आणि टपालपेटीत टाकला. त्यावर एकच ओळ होती, लेखातून जागेअभावी गाळलेली : 'हा प्रयोग फक्त उंदरांवर झाला आहे.'