पुढचा तळ

सोमनाथने खोक्यावर पाय दिला, दोरी करकचून ओढली आणि गाठ मारली. मारुंजीत रोज कुणाचं ना कुणाचं घरसामान टेम्पोत भरून पोचवणारा माणूस तो. स्वतःचं घर त्याने एका दिवसात खोक्यांत बसवलं होतं. मिक्सर, कुकर, सायलीची खेळणी, सगळं बोटीने जपानला जायला तयार. तयार नव्हता तो सोमनाथच.

नोकरी त्याच्या बायकोला, नंदाला लागली होती. नागोयाच्या कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढायचे होते आणि पुढच्या आठवड्यात हजर व्हायचं होतं. नवऱ्याचा आणि अडीच वर्षांच्या सायलीचा व्हिसा मागून, दिवाळीच्या सुमाराला मिळणार होता. सोमनाथ एकच धरून बसला होता, जायचं तर सगळ्यांनी मिळून. कंपनी थांबायला तयार नव्हती. नंदाही नव्हती, पण नवऱ्याशी भांडून विमानात बसणं तिला नको होतं. मग सोमनाथने हुकमाचा एक्का काढला. वडिलांना बोलावून घेतलं.

येसाजी भुकूमच्या माळावर, नव्या इमारतींच्या मागे मेंढरं घेऊन तळ टाकून होता. ती पुतण्याच्या हवाली करून तो आला, मागोमाग सोमनाथची आई, बानूबाई. दोघं भिंतीला टेकून खाली बसली. सायली आईच्या मांडीवर होती.

"बोल," येसाजी म्हणाला.

"आबा, ही एकटी जाती म्हणती. आधी बायको जाणार आन् मी पोरगी घिऊन मागनं. लोकं हसत्याल मला."

एवढं बोलून सोमनाथ निर्धास्त झाला. आता म्हातारा काय बोलायचं ते बोलेल, अशी त्याची खात्री होती.

येसाजीने सुनेकडे पाहिलं. "तितं राहाया कुटं?"

"कंपनीनं खोली दिलीय, मामा. मोठं घर मी गेल्यावर बघणार."

"पाणी?"

"हाय. नळाला कायम."

"शेजार कसा हाय?"

"ते न्हाई माहीत. जाऊन बघते."

"बघ." येसाजी मुलाकडे वळला. "आपल्यात तळ हलवताना म्होरं कोण जातं रं?"

सोमनाथ खोक्याची दोरी चाचपू लागला. उत्तर त्याला पाठ होतं. उजाडलं की बायका घोड्यांवर संसार लादून पुढे निघायच्या आणि नव्या रानात चूल मांडायच्या. पुरुष दिवसभर मेंढरं चारत मागून यायचे. आईच्या पुढ्यात घोड्यावर बसून तोही तसाच गेला होता.

"बाई बिऱ्हाड घिऊन म्होरं जाती," येसाजीच म्हणाला. "माझी आई गेली, तुझी आई गेली. मला कोण हसलं?"

"आबा, ते हितल्या हितं व्हतं. हे जपान हाय!"

"आसंल. घोडं उडणारं हाय, येवढंच."

नंदाला हसू आवरलं नाही. सोमनाथ चिडला. एक्का उलटला होता, पण पत्ते अजून संपले नव्हते.

"आन् पोर? पोर तर आईसंगं म्होरं जातं."

येसाजी डोकं खाजवू लागला. बोलली ती बानूबाई.

"रानात मेंढी व्याली की कोकरू कोण आणायचं? कांबळ्यात घिऊन तूच यायचास की. कुणाला हात लावू द्यायचा न्हाईस."

"आई, तसं न्हाई गं. परका मुलूख. हिला एकटीला भ्या वाटंल, म्हणून म्हंतो."

"म्होरं जायाचं भ्या नसतं, बाबा." बानूबाईचा आवाज खाली आला. "तळावर गेलं की हाताला कामं असत्यात. दगडं आणा, पाणी आणा, भाकरी थापा. भ्या वाटतं ते दिस बुडाल्यावर. भाकरी झालेली असती आन् मेंढराचा आवाज काय येत न्हाई." तिने नवऱ्याकडे पाहिलं. "एकदा तर ह्ये रातभर आलंच न्हाईत."

"वढ्याला पाणी आलं व्हतं," येसाजी म्हणाला.

"ते मला सकाळी कळलं."

जपानचं नंदाला काही वाटत नव्हतं. रात्रंदिवस धास्ती होती ती हीच. सोमनाथ इथेच राहील, टेम्पो आहे, ओळखी आहेत, आणि एक दिवस फोनवर म्हणेल, इतक्यात नको. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

"तुमी याल ना?" तिने सोमनाथला विचारलं.

लोक हसतील, नावं ठेवतील, सगळ्याचा विचार सोमनाथने केला होता. नंदा तिकडे त्याची वाट बघत असेल, हे मात्र त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"येणार," तो म्हणाला. "हिला घिऊन येणार."

त्याने वाकून तिच्या मांडीवरून सायलीला उचललं आणि आतल्या खोलीत नेलं. "चल, आज बाबा निजवणार." सायलीने आईकडे हात पसरले आणि घर डोक्यावर घेतलं. आतून त्याचा आवाज येऊ लागला. अवघडलेला, थांबत थांबत. सायलीचं रडणं काही थांबेना.

नंदा उठायला लागली. बानूबाईने तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"तू म्होरचं बघ," ती म्हणाली. "मागचं त्येला बघू दे."