लाल गमबूट

“अगं मेरिन, भूतकथांना हल्ली कुत्रं विचारत नाही, आणि तुझ्या कादंबरीला प्रकाशक मिळालाय!” एजंट फोनवर ओरडलीच. सगळीकडून नकार पचवलेली मेरिन व्हरांड्याच्या पायरीवर मटकन बसली. “फक्त शेवट बदल. दीपगृहातलं ते चिमुरडं भूत अखेरीस निघून जाऊ दे.” “कुठे?” “कुठे काय, बाई! मुक्त होऊ दे पोरीला. वाचकालाही मोकळं वाटायला हवं ना?” दाराशी, मोठ्या बुटांशेजारी, लेकीचे लाल गमबूट होते. टास्मानियाच्या समुद्रानं लेकीला नेलं, त्यानंतरच्या हिवाळ्यात मेरिननं ही कादंबरी लिहिली होती. “नाही. ती इथंच राहील.” “वेडी आहेस का? दैव देतंय अन् तू लाथाडतेस?” तिनं फोन ठेवला. मग रोजच्यासारखे ते गमबूट उलटे करून झटकले. आतून काळा विषारी कोळी टपकन पडला. “बघ बाळा, न झटकता पाय घातला असतास तर?”