गाळलेला तारा

"त्या रात्री साधा तारा घेतला होता ना तुम्ही, ताई?"

ताईचं व्याख्यान संपताच प्रश्न तिसऱ्या रांगेतून आला. विचारणारी धाकटी. नात्याने कोणी नव्हे, पण ताईच्या हाताखाली शिकली म्हणून सगळे तिला धाकटीच म्हणत.

पडद्यावर तेजोमेघ होता. त्याच्या धुळीत दडलेला कोवळा तारा दिसत नाही, पण धुळीवरून परतणारा त्याचा अवरक्त प्रकाश एका ठरावीक दिशेत कंप पावतो. त्या दिशांच्या रेघा काढल्या की त्या ताऱ्याभोवती फेर धरतात. ताईच्या चित्रात मधल्या रेघा फेर सोडून आडव्या पडल्या होत्या. म्हणजे तिथे ताऱ्याभोवती फिरणाऱ्या धुळीची तबकडी होती, ग्रह घडण्याची जागा! धाकटीने वर्षापूर्वीच्या पेपरात तबकडी नाही म्हणून सांगितलं होतं. तिची नोकरीची मुलाखत आता तोंडावर आली होती आणि ती त्या पेपरावरच उभी होती. शिफारस ताईनेच केली होती.

दुर्बीणसुद्धा प्रकाशाच्या कंपात पदरचा थोडा कल घालते, आणि त्यानेही रेघा अशाच आडव्या पडतात. म्हणून ज्याच्या प्रकाशाला कसलाच कल नाही असा एखादा साधा तारा बघून ती भेसळ वजा करायची असते. त्या रात्री ढग चढत होते. एवढी मोठी दुर्बीण पुन्हा कधी मिळणार, म्हणून ताईने साधा तारा गाळला आणि जुन्या मोजणीवर भागवलं. कोण विचारतंय, असं तिला वाटलं होतं.

"घेतला होता," ताई म्हणाली. खोटं इतकं सहज निघालं की तिची तिलाच शरम वाटली.

धाकटी खाली बसेना. आता ही उलटतपासणी घेणार. मीच शिकवलं आणि माझ्यावरच उलटली, असंही ताईच्या मनात येऊन गेलं.

"मग प्रश्नच मिटला," धाकटी सगळ्यांना म्हणाली. "तबकडी आहे. माझंच चुकलं. माझा पेपर मी मागे घेते."

ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माईक हातातच होता. 'थांब' एवढंच म्हणायचं होतं, पण तिने माईक टेबलावर ठेवला.

अध्यक्ष पुढे सरकले. "अहो, एवढी घाई कशाला? आधी यांची मोजणी तपासून तर बघा."

ताईला हायसं वाटलं. तपासू देत. सापडू दे एकदाचं.

धाकटी हसली.

"ताईंची? ताईंची कशाला तपासायची?"